समुद्रापलीकडचा वैद्य

इतिहासाच्या मास्तरला निवृत्तीनंतर कोणी प्रश्न विचारीत नाही. कल्याणच्या शाळेत तेहतीस वर्षे शिकवून मी डोंबिवलीला घरी बसलो, तेव्हापासून मला विचारला जाणारा प्रश्न एकच : "दूध आणलंत का?" म्हणून २०२३ च्या जून महिन्यात माझ्या पुतणीने इंग्लंडहून फोन करून, "काका, तुम्हाला एक विचारायचं आहे," असे म्हटले, तेव्हा मी खुर्चीत सावरून बसलो.

ही पुतणी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. भाऊ आता नाही. वहिनी आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. मुलगी लग्न होऊन लेस्टरला गेली त्याला बारा वर्षे झाली. लहानपणी ती गुटगुटीत होती आणि आम्ही सारे तिचे गाल ओढून कौतुक करीत असू. पुढे ते कौतुक थांबले आणि टोमणे सुरू झाले. आता तिचे वय छत्तीस, उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ११२ किलो. मधुमेह जडलेला, गुडघे कुरकुरणारे, आणि रात्री झोपेत श्वास अडकून ती दचकून उठे. उपास, पथ्ये, व्यायामशाळा, सारे करून झाले होते. दहा किलो उतरत आणि वर्षाच्या आत बारा चढत. तिकडच्या डॉक्टरांनी जठराची शस्त्रक्रिया सुचविली. ती सरकारी खर्चाने होणार होती, पण पाळी येण्यास काही वर्षे लागतील असेही सांगितले. तेवढ्यात कोणी तरी तिला तुर्कस्तानचा रस्ता दाखविला. विमानतळावर न्यायला गाडी, चार रात्री हॉटेल, मध्ये एक दिवस शस्त्रक्रिया, आणि अंगात त्राण असेल तर परतताना शहरदर्शन!

"काका, असं परमुलखात जाऊन पोट कापून घेणं शहाणपणाचं का? तुमच्या इतिहासात गेलं होतं का कुणी?"

प्रश्नाचा दुसरा भाग तिने थट्टेने विचारला होता. मी मात्र तो फार गंभीरपणे घेतला. आठ दिवस पुस्तके उपसली, चार फुलस्केप पाने लिहिली आणि नातवाकडून त्यांचे फोटो काढवून तिला धाडली. त्या पानांतला मजकूर आणि पुढे जे घडले ते, अशी दोन्ही मिळून ही हकीकत आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर वजनाचा विषय काढतो आहे, याबद्दल वाचकांनी राग मानू नये. या हकीकतीत फराळालाही त्याचे स्थान आहे.

*

वजन उतरविण्यासाठी परमुलखात गेलेला माणूस इतिहासात आहे, आणि तो साधासुधा नव्हे, राजा आहे. स्पेनच्या उत्तरेस लेओन नावाचे ख्रिस्ती राज्य होते. तेथे दहाव्या शतकात सांचो नावाचा राजा झाला. इतिहासाने त्याला 'लठ्ठ सांचो' याच नावाने ओळखले आहे. घोड्यावर बसता येईना, तलवार चालविता येईना. त्या काळी राजाने घोड्यावर बसणे हा शोभेचा भाग नव्हता, ते त्याचे कामच होते. सरदारांनी ९५८ साली त्याला गादीवरून खाली उतरविले.

सांचो गेला तो आपल्या आजीकडे. ही आजी म्हणजे नवाराची राणी तोदा, मोठी कारभारी बाई. तिने विचार केला की नातवाला आधी बरे केले पाहिजे, गादीचे पुढे पाहता येईल. आणि त्या काळी युरोपातले उत्तम वैद्य कुठे होते? दक्षिणेस, कोर्दोव्याला, मुसलमान खलिफाच्या दरबारी. ज्याच्याशी पिढ्यान् पिढ्या लढाया झाल्या त्याच्याच दारी जायचे! पण तोदाला एक आधार होता. तिच्या आईचे पहिले लग्न कोर्दोव्याच्या राजघराण्यात झाले होते, आणि त्या नात्याने खलिफा तिसरा अब्दुर्रहमान हा तिचा भाचा लागत होता. धर्म निराळा, राज्य निराळे, पण आते ती आतेच. खलिफाने आपला यहुदी वैद्य हसदाई इब्न शाप्रूत याला बोलणी करण्यासाठी पाठविले. हा हसदाई वैद्य होता, तसाच भाषांचा जाणकार आणि मुत्सद्दीही. त्याने अट घातली ती एकच : रोग्याने कोर्दोव्याला आले पाहिजे. आणि म्हातारी आजी त्या अगडबंब नातवाला घेऊन शत्रूच्या राजधानीस गेली.

हसदाईने त्याला काय दिले याच्या अनेक कथा आहेत. ओठ शिवून नळीने पातळ औषधे पाजली, अशीही एक आहे. ती खरी मानण्याचे कारण नाही, पण कडक लंघन आणि सक्तीची हालचाल यांवर भर असावा असे दिसते. सांचो हलका झाला, खलिफाचे सैन्य घेऊन परतला आणि ९६० च्या सुमारास पुन्हा गादीवर बसला. वैद्याचे बिल म्हणून त्याने सरहद्दीवरचे किल्ले देऊ केले होते.

ही गोष्ट वर्गात सांगितली की मुले राजाच्या पोटावर हसत. मला स्वतःला मात्र आता या गोष्टीतली आजी महत्त्वाची वाटते. वैद्य कोर्दोव्याचा होता, पण सोबत घरची होती.

*

आता आपल्याकडे येऊ. लठ्ठपणा हा श्रीमंत पाश्चात्त्यांचा रोग आणि आपल्याला तो त्यांच्या बिस्किटांतून लागला, असे पुष्कळांना वाटते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निंदित मानलेल्या आठ प्रकारच्या देहांचा एक अध्यायच आहे, आणि त्यांतल्या अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा विचार तेथे विस्ताराने केला आहे. अति खाणे, गोड खाणे, दिवसा झोपणे, व्यायाम न करणे, ही कारणे तर तेथे आहेतच. पण त्यांच्याच पंक्तीला 'बीजस्वभाव' हेही कारण चरकाने मांडले आहे. म्हणजे आईबापांकडून आलेला देहधर्म. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला जे दिसले ते आम्हां नातेवाइकांना दिसत नाही. आम्ही आपले म्हणत राहतो, "जिभेवर ताबा नाही, दुसरं काय!"

औषधासाठी समुद्र ओलांडण्याची गोष्ट निघाली की कल्याणच्या माणसाला एकच नाव आठवते. तसे आमचे कल्याण जुने बंदर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचे नाव आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे शिलालेख आहेत. येथून माणसे समुद्रावर जात ती व्यापाराला. औषधाच्या ओढीने कल्याणची एक मुलगी गेली ती १८८३ साली.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली यमुना जोशी नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदीबाई झाली. नवरा गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. बाईने बाईला तपासावे, अशी सोय तेव्हा आपल्याकडे जवळजवळ नव्हती. पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा बायका दुखणे अंगावर काढीत. ही सोय आपण करू, असे त्या मुलीने ठरविले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात तिने भर सभेत आपण अमेरिकेला का जातो ते सांगितले. हे श्रीरामपूर बंगालमधले, गोपाळराव तेव्हा तेथे नोकरीस होते. ७ एप्रिलला ती कलकत्त्याहून बोटीत चढली. सोबत नवरा नव्हता, नात्यातले कोणीच नव्हते. वय अठरा. ४ जूनला न्यूयॉर्क. तेथे थिओडिशिया कार्पेंटर ही बाई तिची वाट पाहत उभी होती. केवळ पत्रांतून जुळलेले नाते, पण आनंदीबाई तिला मावशी म्हणे. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून ११ मार्च १८८६ रोजी ती डॉक्टर झाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. थंडी, परके अन्न, अभ्यासाचा ताण आणि क्षय. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर तिची नेमणूक झाली होती, पण ती तेथे रुजू होऊ शकली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी ती पुण्यात गेली, तेव्हा बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. तिच्या अस्थी कार्पेंटरबाईंनी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या.

मी पुतणीला लिहिले, "सांचो औषध घ्यायला गेला. आनंदीबाई औषध आणायला गेली. दोघांच्या प्रवासांत नऊशे वर्षांचे अंतर आहे, आणि आणखी एक अंतर आहे. ज्या दिवसांत अंगात ताप होता त्या दिवसांत आनंदीबाई घरापासून हजारो कोसांवर होती. विद्या समुद्रापलीकडून आणता येते. उबदार अंथरूण आणि पचेल असे जेवण आणता येत नाही."

*

या शस्त्रक्रियेचा स्वतःचा इतिहासही मी तिला लिहून कळविला. आपल्या पोटात डॉक्टर काय करणार ते माणसाला ठाऊक असावे, असे माझे मत आहे.

तो इतिहास फार जुना नाही. १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे क्रेमन, लिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा बराच भाग वगळून अन्नाला आडवाट काढून देण्याची कल्पना मांडली. खाल्लेले अंगी लागायलाच नको, हा हिशेब. वजने उतरली खरी, पण त्याबरोबर यकृत बिघडू लागले, मूत्रखडे होऊ लागले, जुलाब थांबेनात. पुढे ती रीत टाकून द्यावी लागली. दरम्यान आयोवा विद्यापीठातले डॉक्टर एडवर्ड मेसन यांच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. व्रणासाठी ज्यांच्या जठराचा मोठा भाग कापून टाकावा लागतो, त्या बायका पुढे खाऊनपिऊनही रोडच राहतात. तेव्हा आतड्यापेक्षा जठरालाच हात घालावा. १९६६ साली त्यांनी जठराचा लहानसा कप्पा करून तो आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया केली. सध्याच्या 'बायपास'ची ती मूळ आवृत्ती. १९९० नंतर हेच काम पोट उघडण्याऐवजी चारपाच भोकांतून, दुर्बिणीने होऊ लागले आणि रोगी दोनतीन दिवसांत घरी जाऊ लागला. पुतणीला सुचविलेली शस्त्रक्रिया त्याहून सुटसुटीत. जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग उभा कापून काढायचा आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवायची. बाह्यांच्या सदऱ्याची नुसती बाही उरावी तसे. तिला 'स्लीव्ह' म्हणतात ते यावरूनच.

यात मौजेची गोष्ट अशी की ही शस्त्रक्रिया लागू पडते ती केवळ पोट लहान झाले म्हणून नव्हे. १९९४ साली चरबीतून मेंदूला 'पुरे' असा निरोप देणारे लेप्टिन सापडले. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांना जठरातून 'भूक' असा निरोप देणारे घ्रेलिन सापडले. जठराचा जो भाग कापून टाकतात त्यातच घ्रेलिन मुख्यतः तयार होते. म्हणजे डॉक्टर घडा लहान करतात, आणि घड्यात बसून ओरडणाऱ्याचे तोंडही बंद करतात. ज्याच्या पोटातला ओरडणारा अहोरात्र ओरडतो, त्याला "ताबा ठेव" म्हणणे किती सोपे!

आपण मराठी माणसे तर या बाबतीत विशेष सावध असावयास हवे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज स्नेही डॉक्टर युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघेही सडपातळ. वजनाला उंचीच्या मीटरांनी दोनदा भागले की जो आकडा येतो तो दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा इंग्रजाची ९.१ टक्के निघाली आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! आपली चरबी लपून, पोटात, अवयवांभोवती बसते आणि म्हणून मधुमेह आपल्याला लवकर गाठतो. पुतणीचा तो भागाकार जवळजवळ ४४ येत होता. तिच्या बाबतीत लपण्यासारखे काही उरलेच नव्हते.

*

चौथ्या पानावर मी २०१७ सालची हकीकत लिहिली, कारण तीत आनंदीबाईच्या बोटीची दिशा उलटी झाली होती. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरची छत्तीस वर्षांची एक स्त्री, वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितलेले, पंचवीस वर्षे घराबाहेर न पडलेली. ११ फेब्रुवारी २०१७ रोजी ती मालवाहू विमानातून मुंबईस आली. क्रेनने तिला खाटेसकट उचलून चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात नेले, आणि साऱ्या जगाच्या वृत्तपत्रांनी त्या क्रेनचे फोटो छापले. ७ मार्चला तिच्यावर हीच स्लीव्हची शस्त्रक्रिया झाली. तपासणीत तिच्या लेप्टिनच्या यंत्रणेत जन्मजात दोष आढळला. चरकाचा बीजस्वभाव तो हाच. वजन निम्म्याहून अधिक उतरल्याचे डॉक्टरांनी सांगितले. पुढे तिची बहीण आणि डॉक्टर यांच्यांत मतभेद झाले, ते जगभर गाजले, आणि ४ मे रोजी तिला अबुधाबीच्या रुग्णालयात हलविण्यात आले. २५ सप्टेंबरला ती तेथे वारली. हृदय आणि मूत्रपिंडे निकामी झाली होती.

कोणाचे चुकले याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. तिचा आजार फार पुढे गेलेला होता. पण मला वारंवार वाटते की आयुष्याचे शेवटचे सात महिने ती दोन परमुलखांत होती, आणि घर तिसऱ्याच देशात होते.

म्हणून मी लिहिले : "शस्त्रक्रिया कर. तुझ्या दुखण्याला ती लागू आहे असे दिसते. पण ती ज्या गावी करशील त्या गावी निदान दोन महिने राहायचे, आणि रात्री दोन वाजता दार ठोठावता येईल असे कोणी तरी जवळ असायचे. हॉटेलवाला चार रात्रींनी खोली दुसऱ्याला देतो. टाके उसवायचे, रक्ताची गाठ व्हायची ती पाचव्या रात्रीही होऊ शकते, आणि तेव्हा तू विमानात असशील."

उत्तरादाखल फोन आला तो मला नाही, वहिनींना. "आई, मी घरी येते."

*

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ठाण्याच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाई स्पष्टवक्त्या होत्या. "मी दीड तास काम करीन, बाकीचं तुम्ही जन्मभर करायचंय," असे त्यांनी सांगितले. पहिले दोन आठवडे पातळ : ताक, मुगाचे कढण, पाणी तेही घोटघोट. मग घोटलेले. मग मऊ. पाचव्या-सहाव्या आठवड्याला साधे जेवण, पण चमचा मोजून आणि प्रत्येक घास वीस वेळा चावून. जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या मात्र कायमच्या. आमच्या वहिनींनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर वेळापत्रक लावले. शंभर माणसांचा स्वयंपाक उरकणारी ती बाई दोन चमचे पेज ढवळीत अर्धा अर्धा तास उभी राहू लागली.

आणि दिवाळी आली. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. पहाटे फडके रोडवर ढोलताशे आणि नटूनथटून आलेली पोरे. घरी माणसांची रीघ. बारा वर्षांनी दिवाळीला आलेली मुलगी, सहा आठवड्यांत उतरलेली. जो तो तिला पाहून आश्चर्य करी आणि त्याच श्वासात ताट पुढे करी. "एका लाडवानं काय होतंय?" "माझ्या हातची चकली बारा वर्षांत खाल्ली नाहीस, अर्धी तरी घे." यात मीही होतो, हे कबूल करतो. अनारसा तिला लहानपणापासून प्रिय, आणि तो मीच दिला. चार फुलस्केप पानांचा उपदेश करणारा इतिहासाचा मास्तर!

तो अनारसा तिच्या नळीत अडकला. त्या रात्री तिला उलटी झाली. दुसऱ्या दिवशी पेजही टिकेना. पण कोणाचा सण मोडायला नको म्हणून ती बोलली नाही. ओवाळून घेतले, फोटो काढून घेतले, हसली. असे चार दिवस गेले. भाऊबिजेच्या रात्री वहिनींनी माझे दार ठोठावले.

"भाऊजी, बेसिनचा नळ सारखा वाहतोय."

मला अर्थ कळला नाही.

"उलटीचा आवाज येऊ नये म्हणून सोडते ती. लहानपणीसुद्धा असंच करायची. चला, गाडी बोलवा."

रात्री एक वाजता आम्ही ठाण्याला पोहोचलो. डॉक्टरीणबाई आल्या. जठराच्या नळीला सूज होती. शिरेतून पाणी सुरू करण्यापूर्वीच त्यांनी बी-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले. मी कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "या शस्त्रक्रियेनंतर सारख्या उलट्या झाल्या की शरीरातला बी-१ चा साठा संपतो. मग डोळे, तोल, स्मृती सगळं जाऊ शकतं, आणि गेलेलं पुष्कळदा परत येत नाही. आणखी आठवडा गेला असता तर मला सांगता आलं नसतं." मग वहिनींकडे वळून विचारले, "कोणाच्या लक्षात आलं?" वहिनी पदराने चष्मा पुसत होत्या.

तीन दिवसांनी पुतणी घरी आली. नवीन वर्षात लेस्टरला परत गेली. जाण्यापूर्वी तिकडच्या तिच्या डॉक्टरांसाठी शस्त्रक्रियेचे कागद, रक्ततपासण्यांचे वेळापत्रक, गोळ्यांची यादी, सारे एका फायलीत लावून मी दिले. इतिहासाच्या मास्तरला कागदपत्रांची किंमत कळते, तेवढा तरी उपयोग व्हावा. आता तिचे वजन ७४ किलो आहे. मधुमेहाच्या गोळ्या थांबल्या आहेत. पण तपासणी दर वर्षी आहे, आणि ती राहणारच.

*

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात आज अशी किती तरी घरे आहेत. मुले परदेशात, आईबाप येथे. दुखणे निघाले की कोण कुठे जाऊन औषध घेणार याची बोलणी फोनवर चालतात. अमेरिकेतली माणसे स्वस्त पडते म्हणून मेक्सिकोला जातात, इंग्लंडातली तुर्कस्तानला, आखातातली आणि आफ्रिकेतली मुंबईला. २०२५ साली वजन उतरविणारी नवी इंजेक्शने आपल्याकडेही विकावयास आली, तेव्हा कदाचित पुढे चाकूची गरजच कमी होईल. पण तीही नीट माहितीच्या डॉक्टरच्या नजरेखालीच घ्यावी लागतात. वैद्याकडे जाणे सोपे झाले आहे. वैद्याकडून परतल्यावरचे दिवस पूर्वीइतकेच लांब आहेत.

हसदाईचे नाव इतिहासाने ठेवले. मेसनचे ठेवले. आनंदीबाईचे तर आपण सारे अभिमानाने घेतो. राणी तोदाने कोर्दोव्याच्या मुक्कामात नातवाच्या उशाशी किती रात्री काढल्या, ते कोणी लिहून ठेवलेले नाही. म्हणून या दिवाळीला मी येथे एवढे लिहून ठेवतो की २०२३ च्या भाऊबिजेच्या रात्री डोंबिवलीत एका आईने नळाचा आवाज ऐकला.

यंदाही पुतणी दिवाळीला येणार आहे. वहिनींनी तिच्यासाठी सुपारीएवढा बेसनाचा एक लाडू वळून ठेवला आहे. एकच. आणि मला बजावून सांगितले आहे, "भाऊजी, अनारशाच्या डब्याला हात लावायचा नाही."